न ऐकलेली शनिवारची रात्र

मंडळी, आज थोडा कबुलीजबाब द्यायचा आहे. नातेवाइकांपैकी काहींना ही गोष्ट अर्धीमुर्धी माहीत आहे. बाकीची अर्धी मलाच आत्ता आत्ता कळली.

डिसेंबर २००० मधली गोष्ट. आमचे चिरंजीव तेव्हा मुंबईत नोकरीला होते आणि शीवला तीन मित्रांबरोबर एका खोलीत राहत होते. एका रात्री त्याचा फोन आला. "बाबा, नऊ तारखेला शनिवार आहे. तुमची शाळा सकाळची. अकराला सुटली की पौडहून तशीच एसटी पकडा, पुण्याहून पुढे कुठलीही गाडी मिळेल. मी दोन तिकिटं काढलीत." कशाची म्हणून विचारलं, तर म्हणाला, "झाकीर हुसेन, शिवकुमार शर्मा, आणखी पुष्कळ जण, आणि एक इंग्रज गिटारवाला."

मी म्हटलं, "स्नेहसंमेलनाच्या तालमी चालल्यात रे, जमायचं नाही."

हे काही खोटं नव्हतं. तालमी खरंच चालू होत्या. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की 'फ्यूजन' हा शब्द कानावर पडला तरी माझ्या कपाळाला आठी पडायची. मटकीच्या उसळीवर आइस्क्रीम घालून खावं तसला प्रकार, असं माझं ठाम मत होतं, आणि ते मी घरात न विचारताही सांगत असे. फोनवर तो फक्त "बरं" म्हणाला. दुसरं तिकीट त्यानं कुणालाच दिलं नाही, ते तसंच खिशात ठेवून तो एकटा जाऊन आला. हे मला चोवीस वर्षांनी कळलं!

८ आणि ९ डिसेंबर २००० या दोन रात्री मुंबईत जे वाजलं त्याचं ध्वनिमुद्रण २००१ साली बाहेर आलं. वाद्यवृंदाचं नाव 'रिमेंबर शक्ती' आणि अल्बमचं नाव 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे'. चिरंजीवांनी त्याची सीडी आणून आमच्या शोकेसमध्ये ठेवली. आमच्याकडे सीडी वाजवायचं यंत्र नव्हतं, आणि असतं तरी मी ती लावली नसती. पुढे तो परदेशी गेला. सीडी शोकेसमधून कपाटात आणि कपाटातून माळ्यावर गेली.

१५ डिसेंबर २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर हुसेन गेले. वय ७३. माझ्याहून वर्षभरानं लहान! म्हणजे तसे आम्ही एका पिढीचे. तो माहीमला वडिलांसमोर बसून ठेका शिकत होता तेव्हा मी इथे मुळशी खोऱ्यात पाटीवर बाराखडी गिरवत होतो. बातमी आली त्या रात्री मुलाचा फोन आला. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "बाबा, ती सीडी आहे का हो अजून?"

माळा आवरला. सीडी सापडली. ती वाजवायला शेजाऱ्यांकडून जुना डीव्हीडी प्लेअर आणावा लागला. तो टीव्हीला जोडून आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी पडवीत ऐकत बसलो.

त्या दिवसापासून हा अल्बम मी किती वेळा ऐकला असेन, मोजलं नाही. आणि मी पडलो इतिहासाचा मास्तर. एखादी गोष्ट आवडली की तिचा मागचा-पुढचा पत्ता शोधल्याशिवाय चैन पडत नाही. तो शोधताना लक्षात आलं की मी ज्याला परकं म्हणून दारात उभं केलं नाही, त्याचं एक मूळ आपल्याच भोसल्यांच्या राज्यात आहे. पण ते पुढे येईलच. आधी त्या इंग्रजाची ओळख करून देतो.

जॉन मॅकलॉफलिन, जन्म १९४२, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. १९६९ मध्ये अमेरिकेत जाऊन माइल्स डेव्हिस या थोर ट्रंपेटवादकाबरोबर वाजवू लागला. जॅझ संगीतात विजेची वाद्यं आणि रॉकचा दणदणीत ठेका आणून जो 'जॅझ-रॉक' नावाचा प्रकार तेव्हा जन्माला आला, त्याच्या बारशाला हा माणूस हजर होता. १९७१ साली त्यानं स्वतःचं पथक काढलं, 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'. नाव ऐकून आपल्याला वाटावं एखादं दशावतारी मंडळ! न्यूयॉर्कमध्ये राहणारे बंगाली गुरू श्री चिन्मय यांनी त्याला 'महाविष्णू' हे नाव दिलं होतं. पथकाचा आवाज कानठळ्या बसवणारा, वेग भन्नाट. मुलानं मला फोनवर त्यातलं थोडं ऐकवलं. दोन मिनिटांत मी हात जोडले. तिथे माझं जुनं मत अजून शाबूत आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पण या माणसाचं मला कौतुक वाटलं ते पुढच्या गोष्टीसाठी. एवढं नाव झालेलं असताना तो वेस्लियन विद्यापीठात जाऊन वीणा शिकू लागला. शिष्य म्हणून, खाली बसून. मग त्यानं विजेची गिटार बाजूला ठेवली आणि १९७५ च्या सुमाराला 'शक्ती' सुरू केली. यात व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विनायकराम, मृदंगमवर रामनाड राघवन, तबल्यावर पंचविशीही न गाठलेला झाकीर, आणि गिटारवर हा. वीज लागणारं एकही वाद्य नाही. त्यांचा पहिला अल्बमसुद्धा मैफिलीतलाच आहे, जुलै १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजात मुद्रित केलेला. ज्यांनी महाविष्णूचा दणदणाट ऐकायला पैसे मोजले होते ते श्रोते हे बैठकीवर मांडी घालून चाललेलं वादन ऐकून काय म्हणाले असतील, देव जाणे. तीन-चार वर्षांत शक्ती थांबली. १९९७ मध्ये मंडळी पुन्हा जमली तेव्हा नाव झालं 'रिमेंबर शक्ती', म्हणजे 'शक्तीची आठवण'.

आता माझ्यासारख्याची पहिली चूक इथे होते. आपण हे सगळं 'पूर्व आणि पश्चिम' या चष्म्यातून बघतो. एक गोरा आणि चार आपले, म्हणजे फ्यूजन. पण जरा नावं बघा. झाकीर पंजाब घराण्याचा, म्हणजे हिंदुस्थानी पद्धतीचा. शंकर, विनायकराम, राघवन हे तिघं कर्नाटक पद्धतीचे. या दोन पद्धतींत तेव्हा, आणि बरंचसं आजही, 'नमस्कार, कसं काय' यापलीकडे जाणं-येणं नव्हतं. दोघांचे राग वेगळे, काही वेळा एकाच नावाचे राग वेगळे, तालाची मोजणीच वेगळी. त्रिताल आणि आदिताल हे दोन डॉक्टर एकाच दवाखान्यात बसतात पण एकमेकांचं अक्षर त्यांना लागत नाही, असं समजा. शक्तीत गिटारवाल्याइतकीच मेहनत या दोन देशी पद्धतींना एकमेकींची भाषा शिकायला लागली असणार.

तालाचं थोडं सांगतो, कारण ते कळलं की ऐकण्याची मजा दुप्पट होते. कर्नाटक संगीतात आदिताल आठ अक्षरांचा. तो हातावर असा मोजतात: मांडीवर एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. हे झाले चार. मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. झाले आठ. मद्रासच्या सभांमध्ये अख्खं सभागृह मांडीवर हा हिशोब ठेवत असतं. मग वादक या आठांच्या पोटात वेगवेगळे तुकडे बसवतो. तीनचा 'त-कि-ट', चारचा 'त-क-दि-मि', पाचचा 'त-क-त-कि-ट', सातचा 'त-कि-ट-त-क-दि-मि'. तीन, चार, पाच, सात यांची बेरीज-वजाबाकी करत शेवटी नेमकं पहिल्या टाळीवर येऊन थडकायचं. आपल्याकडे तिहाई तेच करते, फक्त वाट निराळी. मी शाळेत वर्षानुवर्षं लेझीम बसवली आहे. पाचाचा हात मधेच सातावर नेला की पोरांची कशी त्रेधा उडते ते मला ठाऊक आहे! इथे ही माणसं ते हसत हसत करतात. आणि हसत असतात हे ध्वनिमुद्रणातसुद्धा जाणवतं.

२००० सालच्या पथकात जुन्यांपैकी दोघेच होते, मॅकलॉफलिन आणि झाकीर. व्हायोलिनच्या जागी यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन आलं, आणि विनायकरामांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश, मुख्यतः कंजिरा घेऊन. कंजिरा म्हणजे दक्षिणेतली खंजिरी. आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं जागी केली. तिकडे तेच तळहाताएवढं वाद्य शास्त्रीय मैफिलीत मृदंगाशी टक्कर देतं. एका हातात धरलेलं, एका हातानं वाजवायचं, आणि त्यातून घुमारा असा निघतो की जणू लहान मुलाच्या तोंडून पहिलवानाचा आवाज.

श्रीनिवासबद्दल मात्र दोन शब्द जास्त. आंध्रातल्या पालकोल्लूचा, जन्म १९६९. लहानपणीच त्यानं विजेवर चालणारं मँडोलिन हाती घेतलं आणि त्यावर कर्नाटक संगीताच्या गमका काढल्या. मँडोलिन हे इटालियन वाद्य. सिनेमाच्या गाण्यात नाजूक 'टुणटुण' करायला बरं, अशी त्याची आपल्याकडची पत. त्यावर त्यागराजांच्या कृती? आणि तेही वायर लावून?

वायरीवरून आठवलं. या 'विजेच्या वाद्यां'चा माझ्या मनात जो राग होता, त्याला घरचं एक जुनं कारण असावं. माझं आजोळ मुळशी खोऱ्यातलं. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला तो धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून. सत्याग्रह हरला, धरण झालं, खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. आजोळचं मूळ घरही त्यातच. ते पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याला पडतं, तिथे वीज होते आणि ती मुंबईला जाते. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या तिच्यावर चालल्या, आणि आजोबांच्या वाडीत दिवा आला तो मी मॅट्रिक झाल्यावर. आजोबा म्हणायचे, "मुंबईत झगमगाट दिसला की समजावं, आपली भातखाचरं जळतायत." हे ऐकत वाढलेल्या माणसाला 'मुंबईची रात्र' आणि 'विजेची गिटार' हे शब्द गोड कसे लागणार? त्या रात्री त्या मंचावरच्या मँडोलिनमध्ये मुळशीचं पाणी किती थेंब होतं कुणास ठाऊक. असो. भरकटलो.

तर ती रात्र. अल्बममध्ये चारच रचना आहेत: 'लुकी', 'शृंगार', 'गिरिराज सुधा' आणि 'बेल'आल्ला'. चौघांच्या जोडीला पाहुणे एवढे की लग्नघर वाटावं. संतूरवर पं. शिवकुमार शर्मा, गळा शंकर महादेवनचा, स्लाइड गिटारवर देबाशिष भट्टाचार्य, पखवाज-ढोलकवर भवानीशंकर, मद्रासचा शिवमणी आपली पिपं-डबे-घंटांसकट, झाकीरचा धाकटा भाऊ तौफिक, देवळातलं तविल वाजवणारे पळनिवेल, आणि ढोलकवाले रोशन अली नि अझीझ. शेवटच्या 'बेल'आल्ला'मध्ये या तालवाद्यवाल्यांची जी जत्रा भरते ती ऐकताना मला आमच्या बगाडाची आठवण आली. खरं सांगायचं तर ती जत्रा मला थोडी लांबते. टाळ्यांसाठी वाजवलेलं कुठलं आणि आपल्या आनंदासाठी वाजवलेलं कुठलं, हे शाळेच्या गॅदरिंगमध्ये कळतं तसं इथेही कळतं.

मला जिंकलं ते 'शृंगार'नं. पंचवीस मिनिटांहून मोठी रचना. शिवकुमारांचं संतूर हे मूळ काश्मिरातलं सूफी गाण्याच्या साथीचं वाद्य, शंभर तारांचं. त्यावर मींड निघत नाही, म्हणून ते रागसंगीताला नालायक, असं १९५० च्या दशकात जाणकारांनी त्यांना ऐकवलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वाद्य बदलत, वाजवण्याची तऱ्हा बदलत आयुष्य घालवलं. म्हणजे बघा, त्या मंचावर 'हे वाद्य आपल्या संगीतात चालणार नाही' हे ऐकून बसलेली किती मंडळी होती! संतूरवाला, मँडोलिनवाला, गिटारवाला. देबाशिष ज्यांच्याकडे शिकला त्या ब्रिजभूषण काबरांनी हिंदुस्थानी संगीतात गिटार आणली तेव्हा त्यांनाही हेच ऐकावं लागलं असणार. 'शृंगार'मध्ये संतूर आणि गिटार एकमेकांना घाई न करता बोलतात. अठ्ठावन्न वर्षांचा इंग्रज आणि बासष्ट वर्षांचा काश्मिरी, आणि सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मुंबईच्या श्रोत्यांची ही शांतता मला फार आवडली. चिरंजीव त्या शांततेत बसलेले होते.

आता तिसरी रचना, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. 'गिरिराज सुधा'. मी सीडीच्या वेष्टणावर हे नाव वाचलं आणि मास्तर असल्यामुळे अडखळलो. गिरिराजाचं अमृत? हा काय समास? मग ऐकताना उलगडा झाला. मूळ शब्द आहे 'गिरिराजसुता'. तनयही लागलीच येतो. गिरिराजाची सुता पार्वती, तिचा तनय गणपती. तमिळ लिपीत त, थ, द, ध या सगळ्यांना एकच अक्षर. त्यामुळे दक्षिणेकडच्या रोमन लेखनात सुताची सुधा सहज होते. म्हणजे जॅझ-रॉक म्हणून मी ज्याला नाकं मुरडली त्या अल्बमात मधोमध चक्क गणपतीची स्तुती बसलेली! संत त्यागराजांची कृती, संस्कृत भाषेतली, बंगाला रागातली. हा राग शंकराभरणाच्या, म्हणजे आपल्या बिलावलाच्या कुटुंबातला.

त्यागराज म्हटल्यावर माझी इतिहासाची घंटा वाजली. त्यांचा जन्म १७६७ चा, तिरुवारूरचा. मृत्यू १८४७ मध्ये, तिरुवैयारूला. दोन्ही गावं तंजावरच्या राज्यातली. आणि तंजावरवर तेव्हा राज्य कोणाचं? भोसल्यांचं! शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७०च्या दशकात तिथे गादीवर बसले, ते राज्य १८५५ पर्यंत टिकलं. त्यातही १७९९ मध्ये कंपनी सरकारनं कारभार ताब्यात घेतल्यावर दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढाच उरला. पाठ्यपुस्तकात तंजावरच्या मराठ्यांना एखादं वाक्य मिळतं. मी ते वाक्य अनेक वर्षं वर्गात वाचून दाखवलं आणि पुढच्या धड्याला लागलो.

त्या एका वाक्याच्या पोटात काय काय आहे, ते आता निवृत्तीत वाचतोय. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे स्वतः तेलुगूत यक्षगानं रचत. तुळजाराजांनी 'संगीतसारामृत' हा संगीतावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. राजे मराठी, कवी तेलुगू, प्रजा तमिळ आणि शास्त्र संस्कृत! सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला, आणि युरोपियन वाद्यांचा बँड पदरी ठेवला. त्याच काळात व्हायोलिन दक्षिणेच्या संगीतात शिरलं. मुत्तुस्वामी दीक्षितारांचे धाकटे भाऊ बालुस्वामी मद्रासेत युरोपियन वादकाकडून ते शिकले. तंजावर दरबारच्या चौघा बंधूंपैकी वडिवेलू हेही व्हायोलिन वाजवत. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक मैफिलीची कल्पनाच करता येत नाही. ते परदेशी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

देवाणघेवाण एकाच बाजूनं नव्हती. १८६० च्या दशकात मोरगावकर बुवा नावाचे कीर्तनकार इकडून तंजावरला गेले. त्यांचं कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवा घाट दिला. त्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले प्रकार आजही त्याच नावांनी गातात. आणि इकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यात कानडी मुलखातल्या चाली घेतल्या. पुढे बालगंधर्वांच्या नाटकाला साथीला पायपेटी, म्हणजे ऑर्गन, आणि तबल्यावर मुरादाबादचे अहमदजान थिरकवा. आमचे वडील त्या पदांवर जीव टाकायचे. त्याला ते फ्यूजन म्हणत नव्हते, 'आपलं नाट्यसंगीत' म्हणत होते.

तर त्या शनिवारच्या रचनेचा पत्ता आता असा लागतो. मराठी राजाच्या मुलखात संस्कृतात रचलेली कृती. ती गाणारा शंकर महादेवन, पालक्काडकडच्या तमिळ घरातला, पण चेंबूरला वाढलेला आणि आपल्या श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला. खळेकाकांची चाल किती अवघड असते हे ज्यानं कधी भावगीत म्हणायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा. शंकरच्या उच्चारांतली ती स्वच्छता ऐकली की खळेकाका मागे बसलेत असं वाटतं. पुढे 'कट्यार काळजात घुसली'च्या २०१५ च्या चित्रपटात तो पंडितजी झाला तेव्हा आपण सगळ्यांनी त्याला आपला म्हटलंच. त्याच्या गळ्यामागून श्रीनिवासचं मँडोलिन सावलीसारखं येतं. तबला उत्तरेचा, कंजिरा दक्षिणेचा, गिटार यॉर्कशायरची. आणि ऐकताना कुठेही सांधा दिसत नाही. ही माणसं नवीन काही करत होती असं मला आता वाटत नाही. तंजावरात दोनशे वर्षांपूर्वी चाललेलं काम ती पुढे नेत होती, आणि तेही मुंबईसारख्या, सगळ्या मुलखांचे लोक एकाच चाळीत राहणाऱ्या गावात. मद्रासेत ही रात्र अशी झाली नसती, आणि लखनौतही नाही.

त्यागराजांची एक कथा सांगतात. सरफोजीराजांनी त्यांना दरबारात गायला बोलावलं, धन देऊ केलं. त्यांनी नकार दिला, रामाच्या सेवेपुढे धनाचं काय सुख, असं म्हणून. ही कथा मी मुलाला फोनवर सांगितली. तो म्हणाला, "बाबा, तुम्हीही बोलावणं नाकारलंत की!" मी म्हटलं, "त्यांनी रामासाठी नाकारलं, मी गॅदरिंगच्या नाचासाठी." तेव्हाच त्यानं ते दुसऱ्या तिकिटाचं सांगितलं. शेजारची खुर्ची रिकामी होती, मध्यंतरात एका गृहस्थांनी 'इथे कुणी आहे का' विचारलं, तर हा म्हणाला, "वडील येतायत."

या लिखाणात ज्यांची नावं आली त्यांतले पुष्कळ आता नाहीत. खळेकाका २०११ मध्ये गेले. श्रीनिवास २०१४ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. शिवकुमार २०२२ मध्ये. आणि मग झाकीर. फेब्रुवारी २०२४ मध्ये शक्तीच्या 'धिस मोमेंट'ला ग्रॅमी मिळालं तेव्हा मंचावर शंकर महादेवन होता, सेल्वागणेश होता, झाकीर होता. दहा महिन्यांनी झाकीर नाही. जे २००० साली जमले होते ते तसेच पुन्हा जमणं आता शक्य नाही. झाकीरचे वडील अल्लारखा त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते, हेही मला आता कळलं. पंडित रविशंकरांबरोबर जगभर हिंडलेला, १९६८ मध्ये बडी रिच या जॅझ ड्रमरबरोबर तबकडी काढलेला हा माणूस. त्याच्या दोन मुलांनी त्या डिसेंबरात एकाच मंचावर वाजवलं.

मे महिन्यात चिरंजीव आठवडाभर आले होते. संध्याकाळी पडवीत पुन्हा ती सीडी लावली. मी त्याला विचारलं, "या टाळ्यांत तू कुठे?" तो म्हणाला, "मागे, उजवीकडे. पण मी टाळ्या फार वाजवल्या नाहीत, बघतच बसलो होतो." 'गिरिराज' सुरू झालं तेव्हा मी मांडीवर आदिताल धरला. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. पाच-सहा आवर्तनांनंतर चुकलो. त्यानं न बोलता माझा हात धरून पुन्हा पहिल्या टाळीवर आणला. मग म्हणाला, "सरफोजी म्हणजे नक्की कोण? शाळेत तुम्ही एकच ओळ शिकवली होतीत." मी खुर्ची सरसावून व्यंकोजीपासून सुरुवात केली.

तुळजाराजापर्यंत आलो आणि वीज गेली. 'बेल'आल्ला' अर्धाच राहिला. उरलेला आणि सरफोजी, दोन्ही दुसऱ्या दिवशी सकाळी.